थरथरसम्राट

६ एप्रिल

ही वही पाडव्यापासून ट्रकच्या सीटखाली पडून आहे. रोज लिहीन म्हणाले होते. एक दिवस पेन नव्हतं. एक दिवस पेन होतं, पण चाकणला कुत्रीला पिल्लं झालेली दिसली. मग राहिलंच. खोटं कशाला, आळस! आज लिहितेय कारण नाही लिहिलं तर कोणाला तरी चावेन.

निमिषला. वर्कशॉपमधला सर्व्हिस ॲडव्हायझर. कडक इस्त्रीचा शर्ट, गळ्यात कार्ड, केसांना जेल. आज माझ्यासमोर काकांना फोनवर म्हणाला, 'गाडी एकदम ओके आहे शेठ. व्हायब्रेशन ड्रायव्हिंग हॅबिटमुळे येतंय.'

हॅबिट! मी शेजारीच उभी. फोन ठेवून वर माझ्याकडे बघून हसला. 'ताई, इलेक्ट्रिक गाडीला नाजूक हात लागतो. घरी कसं आपण काचेची भांडी...'

पुढचं ऐकलंच नाही. कानात नुसती शिट्टी वाजत होती.

निमिष, तुला सोडणार नाही. घे, लिहून ठेवलं.

७ एप्रिल

रात्रभर राग उतरला नाही. नीट लिहिते म्हणजे डोकं जागेवर येईल.

गाडी पस्तिसापर्यंत लोणी आहे. चाळीस ओलांडलं की स्टिअरिंगला कापरं भरतं. मग सीटला. मग माझ्या दातांना. पन्नासला आरसा असा हलतो की मागचा ट्रक पाण्याखालून येतोय असं वाटतं. डिझेलच्या गाडीत हे कळलंसुद्धा नसतं, तिथं सगळंच हलतं. ही मुकाट चालते, त्यामुळे हिची थरथर एकटीच अंगावर येते. चाकणहून आकुर्डीला हेडलाइटचे ट्रे नेते मी. अख्ख्या रस्त्यात मागे कुणीतरी थंडीनं कुडकुडत बसल्यासारखा आवाज.

तीनदा वर्कशॉपला नेली. 'चाकांचं बॅलन्सिंग केलंय' म्हणाले. काय केलं देव जाणे. धुतली मात्र छान.

गाडी साहेबरावकाकांची, माझे थोरले चुलते. मी नुसती चालवते. आणि चालवायचीच आहे! पार्लर, पेट्रोलपंप, गोव्यातलं हॉटेल, पार्सलं वाटणं, सगळ्यातून पळून आले मी. हे एकच काम असं आहे की सकाळी आपणहून जाग येते. सीट काकांनीच दिली. बाकी सगळे हसत होते, तेव्हा काका म्हणाले होते, 'भटकायचंच हाय ना पोरीला? मंग पगारी भटकू दे.'

तेच काका काल जेवताना म्हणतात, 'अक्षय तृतीयेला चावी सनीकडं द्यायची. तुजा हात जड हाय गं. नव्या गाडीला सोसंना.'

सनी म्हणजे त्यांचा मुलगा. बुलेट दोनदा नाल्यात घातलेला. त्याचा हात हलका! वर मला म्हणतो, 'ताई, तू जरा आराम कर ना आता.'

काकी भाकरी वाढत होती. एक शब्द बोलली नाही. ती कधीच बोलत नाही. 'तूप घे' म्हणाली फक्त.

हे सगळं कोणामुळे? त्या जेलवाल्यामुळे.

८ एप्रिल

सूड घेणार होते. पण मोशीजवळ एक माणूस टेम्पोत शहामृग घेऊन चालला होता, त्याच्या मागे मागे आळंदी फाट्यापर्यंत गेले. शहामृग अगदी निमिषसारखं बघतं.

९ एप्रिल

काय काय करता येईल:

त्याच्या स्कूटरची हवा सोडायची. नको, शाळेतल्या पोरांचं काम. एसीत सुकट कोंबायची. ही चांगली आहे. पण त्या केबिनमधे बिचारी रिसेप्शनवालीही बसते.

संध्याकाळी नेहाकडे गेले. काळेवाडीत तिचं फ्लेक्स छपाईचं दुकान. सबंध पिंपरी-चिंचवडचे वाढदिवस तिच्या मशिनमधून बाहेर पडतात. एका गॉगलवाल्याचा दहा बाय पंधरा सुकत होता. 'आधारस्तंभ'. वय एकोणीस.

मी म्हटलं, 'नेहा, निमिषचा वाढदिवस करायचा.'

'कधी असतो?'

'मला काय माहीत! शनिवारी करू.'

ती इतकी हसली की तिचा चहा कीबोर्डवर सांडला.

११ एप्रिल

लागला!!! वर्कशॉपच्या समोरच्या चौकात, अगदी गेटमधून बाहेर पडलं की तोंडावर. फोटो त्याच्या व्हॉट्सॲपवरचाच घेतला, लोणावळ्याच्या टायगर पॉइंटवरचा. मजकूर माझा. इथं उतरवून ठेवते, कारण आयुष्यात इतकं चांगलं मी पुन्हा लिहीन असं वाटत नाही —

'ग्राहकांच्या हाडाहाडांत पोचलेलं नेतृत्व! गाडी न उघडताच रोग ओळखणारे, हात न लावता दुरुस्ती करणारे, थरथरसम्राट मा. निमिषभाऊ यांना वाढदिवसाच्या लाख लाख शुभेच्छा! शुभेच्छुक: समस्त हलते-डुलते ट्रकमालक व चालक, चाकण पंचक्रोशी.'

नेहा छापताना म्हणाली होती, 'पूनम, सम्राट काढ. सम्राट म्हटलं की लोकांना बरं वाटतं.' मी काढला नाही. मला तोच शब्द सगळ्यात जास्त आवडला होता.

आता मर, लाजेनं मर! उद्या बघायला जाते.

१२ एप्रिल

नेहाचं ऐकायला हवं होतं.

चौकात टपरीवर चहा घेत बसले. लोक वर बघतात, मान हलवतात, पुढे जातात. एक जण म्हणाला, 'नवीन दिसतोय. कुठल्या पक्षाचा?' दुसरा म्हणाला, 'काम असणार पोराचं. हाडाहाडांत पोचलाय म्हणजे चेष्टा न्हाई राव.'

चेष्टाच आहे! चेष्टाच आहे ती! ओरडावंसं वाटलं. पण बाकीच्या फ्लेक्सवर तरी काय वेगळं असतं? आजूबाजूला तीन लागलेत. एकावर कार्यसम्राट, एकावर विकासाचा महामेरू. त्यांत माझा शिव्यांचा फ्लेक्स सगळ्यात साधा दिसतो.

मग निमिष आला. सोबत त्याची आई. चारुलताबाई, कुणीतरी हाक मारली म्हणून नाव कळलं. कॉटनची साडी, पर्स, शिक्षिका असाव्यात. फ्लेक्सखाली उभ्या राहून सेल्फी काढला. डोळे पुसले त्यांनी! 'आम्हाला कधी बोलला नाहीस रे, लोक एवढं मानतात ते.'

चहा तसाच टाकून निघाले. येताना पन्नासनं आणली. सगळं हललं. हलू दे.

१३ एप्रिल

कोणाशी बोलायची इच्छा नाही. कैऱ्या खाल्ल्या. दात आंबले.

१५ एप्रिल

आज सगळं कळलं. ओळीनं लिहिते.

चौथ्यांदा गाडी घेऊन गेले. निमिष पेढ्यांचा पुडा घेऊन धावत आला. 'घ्या ताई, घ्या! कोणीतरी चाहता आहे, नाव सांगत नाही. वाढदिवस नोव्हेंबरात असतो माझा, पण ठीक आहे ना.' पेढा घेतला नाही. म्हटलं, 'तीन दिवसांनी माझी सीट जातेय. तुझ्या त्या हॅबिटमुळे. आता तरी खरं सांग, गाडीत काय आहे?'

त्याचा चेहरा उतरला. सम्राटपण गेलं. टायरांच्या रॅकमागे घेऊन गेला आणि हळू आवाजात म्हणाला, 'ताई, तुम्हाला खरंच घरी कोणी सांगितलं नाही?'

पाडव्याचं सांगितलं त्याने. पहाटेचा मुहूर्त, म्हसोबाच्या देवळासमोर गाडी, मोजकी भावकी. चावी द्यायला शोरूमकडून हाच आला होता. चाकांखाली लिंबं ठेवली. लिंबांवरून गाडी नेण्याचा पहिला मान घरच्या कर्त्याचा, म्हणजे काकांचा. काका जन्मभर ट्रॅक्टर चालवलेले. बसले, डाव्या पायाने क्लच शोधला. क्लच नाहीच! चावी फिरवली तर आवाज नाही. गाडी सुरूच झाली नाही असं वाटून पाय दाबला. आणखी दाबला.

निमिष म्हणाला, 'ताई, ती उडालीच. डावं चाक देवळाच्या ओट्यावर चढलं आणि धाडकन खाली.'

सगळे म्हणाले, विघ्न टळलं. नारळ फोडला, खोबरं वाटलं. आणि काकांनी निमिषला बाजूला घेऊन सांगितलं, 'माजं नाव न्हाई आलं पायजे. आलं तर म्होरल्या दोन गाड्या दुसऱ्या शोरूमला.'

रिम वाकलीय. आतला एक जोडही. बदललं की गाडी पुन्हा लोणी. पण हे वॉरंटीत बसत नाही, ठोकर लागली असं मालकाने स्वतः येऊन सांगावं लागतं. 'मी सांगितलं तर माझी नोकरी जाईल ताई. म्हणून मग... हॅबिट.'

मी तिथं का नव्हते? कारण वाटेत बैलगाड्यांचा सराव चालला होता, कठड्यावर बसून बघत राहिले. पोचले तेव्हा सगळे श्रीखंड खात होते. काकांनी स्वतःच्या हाताने चावी दिली मला. 'सांभाळ' म्हणाले!

वाकलेल्या चाकावर पळवत होते मला. सनीला माहीत. भावकीला माहीत. जड हात माझा!

पेढा घेतला शेवटी. निमिषचा राग नीट करता येईना.

१६ एप्रिल

आता काकांवर.

दुपारी काका ओसरीवर पेपर वाचत होते. चष्मा नाकावर, पाय खुर्चीवर. तोच पाय! तासभर बघत बसले त्या पायाकडे. म्हणाले, 'काय गं, जेवलीस का?' म्हटलं, 'हो.' अजून काय बोलणार? सगळ्यांसमोर थोरल्या चुलत्याला खोटं पाडायचं तर मलाच उद्धट म्हणतील, आणि सीट त्याच मिनिटाला जाईल.

म्हणून वेगळं ठरवलंय. परवा, अक्षय तृतीयेला, सनीला चावी देताना पुन्हा पूजा आहे, पुन्हा लिंबं. या वेळी सगळी आळी बोलावलीय. मी पुढे होऊन म्हणणार, 'पहिला मान काकांचा!' नाही कसं म्हणतील? एवढ्या लोकांत मान नाकारता येतो का? बसावंच लागेल. पुन्हा डावा पाय क्लच शोधेल. समोर मोकळं मैदान ठेवणार मी, पोरंबाळं सगळी मागे. कुणाला लागायला नको. फक्त दिसायला हवं. सगळ्यांना.

लिंबं मीच आणणार. मोठाली, कागदी.

१७ एप्रिल

लिंबं आणली. आणि तोंड फुटलं.

काकी स्वयंपाकघरात चवळी निवडत होती. म्हणाली, 'एवढी लिंबं? लोणचं घालायचं का?' आणि मी रडायलाच लागले, मूर्खासारखी. सगळं सांगून टाकलं. ओटा, पाय, निमिष, मालकाने यायला लागतं ते. उद्याचं मैदानसुद्धा.

काकी चवळी निवडत राहिली. मग म्हणाली, 'म्हंजी समद्यांना ठाव व्हतं?'

'हो.'

'माज्याबिगर.'

'आणि माझ्याबिगर.'

ताट उचलून काकी उठली. 'जेवून घे' म्हणाली. काय अपेक्षा होती माझी तरी! चाळीस वर्षं काकांच्या पुढे तिने चहासुद्धा आधी घेतला नाही.

उद्याचं उद्या. सनीने नवीन गॉगल आणलाय चालवायला.

१८ एप्रिल, सकाळी

पूजा संध्याकाळी आहे. गाडी चमकवायला म्हणून वर्कशॉपला आणलीय, काकांचाच हुकूम. बाहेरच्या बाकावर बसलेय. निमिष नजर चुकवून फिरतोय. फ्लेक्स वाऱ्याने अर्धा सुटलाय, त्याचं नाक फडफडतंय.

लिंबं पिशवीत आहेत. काकांचा चेहरा कसा होईल ते डोळ्यांपुढे आणून बघितलं. छान झाला. मग दुसऱ्यांदा बघितलं. तितका छान नाही झाला. तरीही करणार!

१८ एप्रिल, थोड्या वेळाने

गेटपाशी रिक्षा थांबली. काकी! एकटी. नऊवारी, हातात भाजीची पिशवी, रिक्षावाल्याशी घासाघीस करून आत आली. घरापासून इथवर ती एकटी कधी आली असेल असं मला वाटत नाही.

केबिनच्या उघड्या दारातून दिसलं, निमिष उठून उभा राहिला. 'काकू, तुम्ही? शेठ नाही आले? मालक लागतील हो.'

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बाईच्या नावावर कर्ज स्वस्त पडतं म्हणून गाडी काकीच्या नावावर घेतलीय. सही करून ती आत स्वयंपाकाला गेली होती, आणि आम्ही सगळे विसरलो. मीसुद्धा.

काकी त्याच्या समोरच्या खुर्चीत बसली, पदर नीट केला आणि म्हणाली, 'मालक मीच हाय बाळा. आदी माज्या ड्रायव्हरला आत बलीव.'