पेवात न सोडलेला दिवा

बाबा, दिवा तुमच्या हातात होता, पेटलेला होता, तरी तुम्ही तो पेवात का सोडला नाहीत? जमिनीखालच्या त्या कोठारात धान्याबरोबर कोंडलेली हवा माणूस मारते. म्हणून आधी दोरीनं दिवा सोडायचा, तो जळत राहिला तरच उतरायचं, हे तुम्हीच मला शिकवलं होतं. त्या साली परदेशातल्या लढाईमुळे कापसाला कधी नव्हे असा भाव आलेला. अमरावतीला कापूस न्यायच्या गाड्या जुंपून उभ्या होत्या आणि गाडीवानांच्या भाकरीसाठी ज्वारी काढायची होती. आई म्हणाली, "अवो, दिवा सोडा नं आधी." तुम्ही हसलात. "कायले? शेजारचं पेव आताच उघडलं, माणूस उतरून वर बी आला. आपलं काय येगळं हाय?" दिवा माझ्या हाती देऊन तुम्ही उतरता. बैलांचे घुंगरू वाजत राहतात. खालून काहीच आवाज येत नाही.

आपल्या घरात शिकलेली मी पहिली. आता अकोल्याला मुलींच्या शाळेत शिकवते. मला वाटतं, घाईतलं मन डोळ्यांसमोरचं एक उदाहरण धरतं आणि न पाहिलेलंही पाहिल्यासारखं ठरवून टाकतं. बहुतेक वेळा ते खरंही निघतं, म्हणूनच मला त्याची भीती वाटते. परवा माहेरी गेले, तर दादा दुसऱ्या पेवाच्या तोंडाशी कमरेला दोरी बांधत होता. दिवा सोड म्हटलं, तर म्हणाला, "अवं मास्तरीनबाई, पाटलाचं पेव सकाळीच उघडलं. काई नाई झालं." तुमचंच बोलणं, तुमच्याच आवाजात. मी हवेचं समजावलं, तुमची आठवण दिली. "बाबाचं नशीब," म्हणत त्यानं पाय आत टाकला.

तेव्हा मी शिंकले.

दादानं पाय वर घेतला आणि अपशकुन टळेपर्यंत मुकाट बसून राहिला. तेवढ्यात मी दिवा सोडला. पुरुषभरही खाली गेला नसेल, तोच विझला. दादानं कमरेची दोरी सोडली आणि म्हणाला, "पाह्यलं? शिंक खरी निघाली."

ती शिंक खोटी होती, बाबा. शकुन मानू नका म्हणून मुलींना रोज सांगते, पण दादाला हे सांगायला माझी जीभ रेटली नाही. पुढच्या खेपेलाही तो दिव्याला विचारणार नाही, शिंकेलाच विचारील, आणि शिंकायला मी तिथे नसेन. म्हणून निघताना वहिनीच्या हातात तपकिरीची डबी ठेवून आले.