शून्य नंबरची जागा

४ मार्च १९८५, लोवेल

नोकरी लागली! तरुणपणी ज्या गिरणीत मी माग चालवले, तिथेच आता कॉम्प्युटर बनवतात. यंत्रखोलीत टेपा चढवायच्या, कागद लावायचा, एवढंच माझं काम. यंत्र नवं कोरं, त्यात दार उघडायचं पहिलं कार्ड माझंच नोंदलं. इथले मुख्य, पेल्कीसाहेब, हसून म्हणाले, पॉप्स— म्हाताऱ्याला इथे असंच हाक मारतात— तुम्ही इथले पहिले नागरिक! आठवी शिकलेल्याला हा मान पुष्कळ झाला. आग लागली तर दार बंद होऊन खोलीत वायू सुटतो आणि त्यात माणूसही गुदमरतो. पण आत कुणी आहे का ते यंत्र कार्डावरून ओळखतं, आणि असेल तर वायू सोडत नाही, म्हणाले. बरं वाटलं.

६ मार्च

मी आत असताना दारावरची, यंत्राने चालणारी पाटी ‘खोली रिकामी’ म्हणते. इंग्रिड आत आली की ‘एक’. ती इथले प्रोग्राम लिहिते. मला बघून तिने कॉम्प्युटरचा पडदा झाकला. का? म्हातारा नको असेल तर तोंडावर सांगावं.

८ मार्च

शेवटी विचारलंच. आधी म्हणाली, पॉप्स, तुम्ही फार चिंता करता हो. मग आवाज उतरवून सांगितलं. प्रोग्राम लिहायच्या ‘सी’ नावाच्या भाषेत ‘कुणीच नाही’ अशी एक खूण असते. जुन्या यंत्रात ती आतून शून्य होती, म्हणून सगळ्यांनी शून्य दिसलं की कुणी नाही, असंच सरळ धरलं. तसा नियम कुठेच नव्हता. नव्या यंत्राची खूण वेगळी आहे, आणि यंत्राच्या स्मृतीतली शून्य नंबरची जागा इथे इतरांसारखीच साधी, राहण्याजोगी. पहिलं कार्ड तिथेच गेलं. माझं. प्रोग्राम मात्र जुनेच, जसेच्या तसे उचललेले.

म्हणजे यंत्राच्या लेखी मी कुणीच नाही. मग आग लागली तर?

११ मार्च

नवं कार्ड मागितलं. पेल्की म्हणाले, यंत्र गिऱ्हाईकाकडे गेल्यावर बघू, एका माणसासाठी आता ते कोण उघडणार? इंग्रिडला म्हणाले, चार महिने तुमची प्रोग्राम लिहिणारी पोरं झोपली होती काय? तिने मान खाली घातली. दोघं मिळून काही लपवताहेत— नक्की.

आज पगाराच्या बाईनेही विचारलं, तुम्ही कोण?

१२ मार्च, दुपार

सगळे जेवायला गेलेत. जळका वास. भोंगा. दार बंद झालं— कार्ड चालत नाही—

इंग्रिड धावत आली. काचेपलीकडे आहे. मी मुठी आपटतोय, ओरडतोय. ती पाटी वाचते— ‘खोली रिकामी’. सुटकेचा श्वास टाकते. एकदा आत बघते— थेट माझ्याकडे, पण नजर माझ्यातून आरपार— आणि मागच्यांना हात करून सांगते, कुणी नाही, आत कुणी—

वर वायूच्या नळ्या फुसफुसताहेत. इंग्रिड, अगं मी इथे—