वाऱ्याकडची भिंत

प्रिय ताई,

तुला घराचीच काळजी असणार, म्हणून आधी घराचंच सांगतो. वाऱ्याकडची भिंत आज पुरी झाली. फोनवरच सांगितलं असतं, पण तुझा फोन सूनबाई उचलते आणि तू झोपली आहेस म्हणते. इतकी झोप तुला उभ्या जन्मात कधी लागली नव्हती. म्हणून तुझ्या पायाचा व्यायाम घ्यायला येणाऱ्या बाईंच्या हाती हे पत्र देतोय.

तू पायऱ्यांवरून पडलीस, लेकाने तुला त्याच्या घरी नेलं, ते बरोबरच होतं. पण तुझा पाय जसजसा सुधारत गेला तसतसं तुझं घर बिघडत गेलं, हे मला पटेना. भाचा दर खेपेला नवं सांगायचा. आधी बाहेरच्या फळ्या तडकल्या, मग भिंती कुजल्या, मग म्हणे, "मामा, आई तिथं राहिली तर घर तिच्या अंगावर येईल." म्हटलं, अंगावर यायला घर म्हणजे काय कुत्रं आहे? देवाचं नाव घेतलं आणि फळ्या उचकटायला लागलो.

ताई, आतला सांगाडा खणखणीत आहे. दाजींनी उभे केलेले खांब हातोडीने वाजवून पाहिले, एकही पोकळ नाही. खिडकीखालचे दोन आडवे तुकडे तेवढे कुजले होते, ते बदलले. खोट होती ती ठोकण्यात. मागे भाच्याने आणलेल्या माणसांनी फळ्या चोराला जखडावं तशा जखडल्या होत्या. बाहेरची फळी पावसात फुगते, उन्हात आकसते. तिला हलायला वाव लागतो. वरची फळी खालच्या फळीवर थोडी चढते, पण खिळा खालचीच्या कडेला चुकवून, जरा वरूनच मारायचा. एका खिळ्याने एकच फळी धरायची. यांनी दोन्हींतून आरपार मारले, वर खिळ्यांची डोकी लाकडात बुडेपर्यंत ठोकली. फळ्यांनी बिचाऱ्यांनी करावं काय? तडकल्या. फटींतून पाणी आत आलं, आणि बोल लागला घराला.

मी टोकांना आधी बारीक भोक पाडून घेतो, नाहीतर फळी चिरते. खिळा खांबातच बसला पाहिजे. पोकळीत गेला तर हाताला लगेच कळतं. डोकं फळीला टेकलं की थांबायचं. शेवटचा घाव न घालणं, एवढंच काय ते अवघड. हात शिवशिवतो. मग मनात नामस्मरण चालू ठेवतो, म्हणजे हातोडी आपोआप सबुरीने चालते.

परवा भाचा आला. शिडीखाली उभा राहून म्हणाला, "मामा, पाडायच्या घराला कसली पावडर लावताय?" माझ्या तोंडात खिळे होते, हे त्याचं नशीब. खाली उतरलो, त्याला आतले खांब दाखवले. त्याने एका खांबावर स्वतः हातोडी वाजवून पाहिली. वाईट नाही गं तो, घाबरलाय. शेवटी म्हणाला, "आणि पुन्हा पडली तर?" म्हटलं, पडेलही. पायऱ्यांना कठडा लावलाय, तरी पडेल. पण स्वतःच्या घरात पडेल, आणि हाक मारली तर मी दोन घरं सोडून आहे. तुझ्या सहाव्या मजल्यावर ती पडत नाही रे, पण उठतही नाही. यावर तो तणतणत गेला. आता सगळे नातेवाईक म्हणतात, मामा अती करतोय. करतोय. शिडी माझी, हातोडी माझी, आणि बहीणही माझीच.

आता पत्राचं कारण. रविवारी सकाळी तो घर बघायला गिऱ्हाईक आणणार आहे. तुला सांगितलं नसेल, पण शेजारणीला सांगून गेलाय. घर तुझ्या नावावर आहे. शनिवारी दुपारी मी गाडी घेऊन तुला न्यायला येतोय, चोरून नाही, सरळ घंटा वाजवून, त्याच्या देखत. काठी, औषधं आणि चष्मा एवढंच घे. रविवारी दार वाजेल तेव्हा मी मागच्या भिंतीच्या शिडीवर असेन, मुद्दाम. दार तू उघड. विकायचं असेल तर हो म्हण, नसेल तर नाही म्हण; मी मध्ये अवाक्षर बोलणार नाही. पण जे काय म्हणशील ते तुझ्या उंबऱ्यात उभी राहून म्हण.

तुझाच,
धाकटा