बक्षिसाची बिस्किटं

ताई,

साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? भावोजींचा खोकला गेला असेल, आणि नसला तरी ते कबूल करणार नाहीत, म्हणून तूच कळव. आमच्याकडे सगळं उत्तम (हे वाक्य पत्र संपल्यावर पुन्हा वाच).

तुझ्या भाचीचं पोट तुला ठाऊक आहेच. दूध प्यायली की तासाभरात फुगतं, गुडगुडतं, आणि मग ती शाळेच्या दारातच पोट धरून बसते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दुधातली साखर पचत नसावी, पण इतक्यात शिक्का मारायला नको. दोन आठवडे दूध आणि दुधाचं सगळं बंद ठेवा, काय खाल्लं, पोट कसं होतं ते रोज लिहा, मग थोडं देऊन बघू. म्हटलं, हे काम माझंच! वीस वर्षं प्रूफं वाचते आहे. चारशे पानांतला एक निसटलेला अनुस्वार मला लांबून हाक मारतो, तिथे पाकिटावरच्या चार ओळींची काय कथा! शिवाय आई राहायला यायच्या आत मला उत्तर हवं होतं (दुधाच्या बाबतीत ती माझं किती ऐकते ते तुला माहीत आहे). एका दुपारी सगळी पाकिटं ओट्यावर मांडली आणि लाल पेन घेऊन बसले. पाव, सूप, तयार मसालासुद्धा (त्यात दूध कोण घालतं? घालतात). ज्यात दूध, त्यावर फुली. आमच्या ह्यांनी तो लाल ओटा बघून एवढंच विचारलं, "माझ्यावर कधी मारतेस?"

वही तर मी अशी ठेवली की छापायला द्यावी. तरीही पोट रोज रात्री जेवणाआधी दुखायचंच. मी आधी लेकीकडे संशयाने पाहिलं, मग ह्यांच्याकडे, मग शाळेच्या खानावळीतल्या आचाऱ्याला चिठ्ठी धाडली. त्याने त्याच चिठ्ठीच्या मागे लिहून पाठवलं, 'सगळ्यात पाणीच घालतो.' दहाव्या दिवशी लेक बिस्कीट चघळत पाकीट वाचत बसली होती. "आई, दुधाची भुकटी म्हणजे पण दूधच ना गं?" ताई, ती बिस्किटं मी बक्षीस म्हणून द्यायचे. दिवसभर दुधाला न शिवल्याबद्दल, रोज संध्याकाळी दोन. बक्षिसाचा डबा वेगळ्या कपाटात असतो, त्यामुळे माझ्या लाल पेनाच्या तावडीतून तो सुटला होता.

पुन्हा पहिला दिवस. या वेळी पाकिटं तिने वाचली, पेनही तिच्याकडे. सोबत म्हणून मीही दूध सोडलं. चौदा दिवस तिच्या पोटाने चकार शब्द काढला नाही. मग डॉक्टरीणबाईंनी सांगितल्याप्रमाणे तिला अर्धा कप दिलं, आणि तिला एकटीला भीती वाटू नये म्हणून मी चांगला ग्लासभर प्यायले. तासाभराने आम्ही दोघी एकाच पलंगावर, गुडघे पोटाशी घेऊन. ती म्हणाली, "तुझं पण?"

इतक्या वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. 'दुधाची वेळ झाली की हिचं नाटक सुरू' हे आईचं वाक्य तेवढं कानात आहे. आणि डोळ्यांसमोर आहेस तू, स्वयंपाकघराच्या दारामागे माझा ग्लास घटाघटा रिकामा करून मिशा पुसणारी. घरात तुला सगळे बोका म्हणायचे, सगळ्यांत मोठ्याने मी. तुला दूध आवडायचं का, हे मी कधी विचारलंच नाही.

असो. आता सगळं माझ्या हातात आहे. चमचाभर दही चालतं का ते पुढच्या आठवड्यात बघायचं आहे. तू अजिबात काळजी करू नकोस.

तुझी,
नाटकी

ता. क. सगळं माझ्या हातात आहे, फक्त आईला अजून काही सांगितलेलं नाही. ती शुक्रवारी येते आहे. फोनवर पहिलाच प्रश्न, "पोरगी दूध पिते ना?" मी चटकन "हो, हो" म्हणाले. लेकीने ते ऐकलं (माझ्या 'नाटका'ची गोष्ट मी तिला पलंगावरच सांगितली होती). मग हळूच विचारलं, आजीला मी पण नाटकी वाटेन का? ताई, तू गुरुवारीच ये. आई माझं ऐकत नाही, तुझं ऐकते. माझा ग्लास कोण प्यायचं, ते एकदा तिला सांगून टाक.

आणखी एक. पत्र पाकिटात घालण्याआधी लेकीने तपासलं. रोजची बिस्किटं दोन नव्हे, तीन होती म्हणे. माझ्या सहीवर लाल फुलीही तिनेच मारली आहे. म्हणाली, "हे चुकलंय ना, आई?"