कुमुदच्या नावाचा बिल्ला

७ जानेवारी, मंगळवार

कुमुदचा फोन वाजला. मी तो रोज चार्जिंगला लावते. सवय.

एक मुलगी बोलत होती. "कुमुदताई ना? मी भार्गवी, 'दुसरी घंटा'मधून. दिवेआगरच्या सहलीचं सांगायचं होतं. पंधरा तारखेला सकाळी गाडी चौल नाक्यावर येईल. आणि तुमचा तास शनिवारी धरलाय हं!"

मी "हो" म्हटलं.

म्हणायला नको होतं. पण त्याऐवजी जे सांगायचं ते वाक्य मी अजून एकदाही बोललेले नाही. गावात कोणाला सांगावं लागलं नाही – सगळे आधीच अंगणात जमले होते. बाहेरगावी सुयशने कळवलं. आम्हा दोघी बहिणींच्या भाच्यांमध्ये तोच जबाबदार. मी नुसती मान हलवली. नोव्हेंबरपासून तेच चाललं आहे.

उद्या फोन करून सांगते.

८ जानेवारी

नाही केला.

११ जानेवारी, शनिवार

"दुसरी घंटा" म्हणजे साठीच्या पुढच्या लोकांना कुठेतरी नेतात आणि शिकवतात. किल्ले, खडक, झाडं, जुनी देवळं. शिवाय प्रत्येकाने आपल्याला येणाऱ्या एका गोष्टीचा तास इतरांना द्यायचा. शाळेतून निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी कुमुदला तास हवाच असायचा. दोन सहली केल्या तिने. मला दर वेळी चल म्हणायची. मी म्हणायची, घर कोण बघणार? घराला काय बघायचं असतं, ते तिथेच असतं – असं तिचं उत्तर.

परत आली की चार-चार दिवस सांगत बसायची. कोण घोरतं, कोण खोटे दात विसरलं, कोणाशी मैत्री झाली. मी वाल सोलत हूं हूं करायची. एकही नाव लक्षात ठेवलं नाही.

तिसऱ्या सहलीचं तिने दिवाळीतच नक्की केलं होतं. मला सांगितलं असणार. मी हूं म्हटलं असणार.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. आपल्याकडे यंदा काही नाही. शेजारच्या चंद्राबाई तिळगूळ न देता नुसत्याच बसून गेल्या.

उद्या नाक्यावर जाऊन गाडीतल्या माणसांना समक्ष सांगणार. फोनपेक्षा ते बरं. बॅग भरली आहे. सांगायला जाताना बॅग कशाला, ते माहीत नाही.

१५ जानेवारी, बुधवार – दिवेआगर

गाडी थांबली. भार्गवी उतरली, पंचविशीची असेल, नवीनच लागली आहे. मी तोंड उघडलं तोवर तिने माझ्या गळ्यात बिल्ला अडकवला. कुमुद वर्तक. मोठ्या अक्षरात, आम्हाला दिसावं म्हणून. मागून एसटी हॉर्न मारत होती. मी चढले.

खरं सांगायचं तर ते वाक्य बोलण्यापेक्षा दिवेआगरला जाणं सोपं वाटलं.

गाडीत सगळी अनोळखी माणसं. कुमुदला ओळखणारंही कोणी नसावं, कोणी काही बोललं नाही. आगरदांड्याला गाडीसकट बोटीत चढलो. यज्ञेश्वर लेले म्हणून एक आहेत, बँकेतून निवृत्त. बोट किती टन वाहते ते त्यांनी खलाशाला सांगितलं. खलाशी म्हणाला, "असेल."

उतरण्याची सोय एका वाडीतल्या घरात आहे. वादळानंतर लावलेले माड अजून ठेंगणे आहेत, त्यामुळे ऊन सरळ अंगावर येतं. माझ्या खोलीत सुचिता म्हात्रे. पेणकडची, सरकारी दवाखान्यात नर्स होती, आज सकाळीच परस्पर येऊन पोचलेली. गाडी आत शिरली तेव्हा फाटकाशी दोन्ही हात पसरून उभी होती. मी उतरले तसे तिने हात खाली घेतले. माझा बिल्ला वाचला. पुन्हा वाचला. मग म्हणाली, "बरं. चल गो कुमुदताई," आणि माझी बॅग उचलली. हात बॅगेसाठीच असतील.

रात्री तिला सर्दी झाली. सारखी नाक ओढत होती. मी विक्स दिलं. "दे," म्हणाली आणि पाठ करून झोपली.

१६ जानेवारी, गुरुवार

सकाळी किनाऱ्यावर शिंपल्यांचा तास. दुपारी सुपारी सोलायचा. मला दोन्ही येतं, पण विचारलं नाही तर सांगायची सवय नाही.

सुचिताने चहा आणला. दोन चमचे साखर. मी बिनसाखरेचा घेते. दोन चमचे कुमुद घ्यायची. म्हटलं असेल योगायोग. प्यायले.

"कसा हाय?"

"गोड आहे."

"व्हय, गोडच असतो," म्हणाली. तिची सर्दी कमी नाही. सकाळी डोळे लाल.

एक गोष्ट लिहायची होती. इथे दिवसभर तिचं नाव घेतात. कुमुदताई, पाणी. कुमुदताई, चप्पल सापडली का? कुमुदताई, इकडे बसा, सावली आहे. चौलला आता कोणी तिचं नाव काढत नाही – मला वाईट वाटेल म्हणून. मी आले की गप्प होतात. इथे ती आहे. जेवते, फिरते, तिची चप्पल हरवते.

मी सांगितलं की हे बंद होईल.

पण शनिवारी तिचा तास आहे. फळ्यावर भार्गवीने लिहिलंसुद्धा – "भरतीची वेळ कशी काढावी: कुमुद वर्तक." तो तास तिच्या नावाने घ्यायचा म्हणजे आता गप्प राहणं नाही, सरळ खोटं. शनिवारच्या आत सांगायला हवं.

१७ जानेवारी, शुक्रवार

संकष्टी. अर्ध्या लोकांना साबुदाणा. उरलेल्यांनाही साबुदाणाच हवा होता.

सकाळी लवकर हरिहरेश्वर. देवळामागे दोन खडकांच्या फटीतून पायऱ्या थेट समुद्रात उतरल्यासारख्या उतरतात. ओहोटी असेल तरच प्रदक्षिणा होते. एक प्राध्यापक आले होते. लाटांनी खडकाला जाळी कशी पडते ते त्यांनी दाखवलं. लेले म्हणाले, "मधुमेहासारखंच की! आतून पोखरतं." प्राध्यापक म्हणाले, "तसं नाही." लेल्यांनी ते ऐकलं नाही.

पायऱ्यांवर त्यांनी मला विचारलं, "कुमुदताई, पूर्वी आला होतात का इथे?"

कुमुदच्या अस्थी सुयशने इथेच सोडल्या. मी आले नव्हते. गुडघा दुखतो असं सांगितलं होतं.

"आले होते," म्हटलं. बिल्ल्याप्रमाणे ते खोटं नव्हतं.

खाली दुसरं एक कुटुंब मडकं घेऊन उभं होतं. आम्ही बाजूने गेलो. मी पाणी बघितलं. पाण्यासारखं पाणी. सुचिताने माझा दंड धरला होता, शेवाळ होतं म्हणून. तिने पाण्याकडे तोंड करून हात जोडले आणि बराच वेळ सोडले नाहीत. मागे रांग अडली. "ओ सिस्टर, चला, भरती येईल," लेले म्हणाले. "येऊ दे की," ती म्हणाली.

रात्री तिला सांगायचं ठरवलं. दिवा मालवल्यावर म्हटलं, "सुचिता, एक सांगायचं आहे."

"सांग गो."

मी पांघरूण हनुवटीपर्यंत ओढलं.

"खिडकी लावू का?" मी विचारलं.

"लाव," ती म्हणाली.

१८ जानेवारी, शनिवार

तास झाला. जसं झालं तसं लिहिते.

ओटीवर खुर्च्या मांडल्या होत्या. मला फळ्याजवळ उभं केलं. आयुष्यात कधी अशी उभी राहिले नाही. मी कचेरीत आवक-जावक बघायची, तिथे बोलावं लागत नाही. पण विषय मला येतो. लहानपणी बाबा आम्हा दोघींना पाऊणकी म्हणायला लावायचे. पाऊणचा पाढा. एक पाऊणे पाऊण, दोन पाऊणे दीड, तीन पाऊणे सव्वादोन. पक्षातली तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर तीन. अष्टमी असेल तर सहा. थोडं इकडेतिकडे होतं, पण किनाऱ्यावर तेवढं चालतं. हे सगळं मी फळ्याकडे तोंड करून सांगितलं.

लेले म्हणाले, "हे मोबाईलवर येतं हो आता!"

"तुमच्या मोबाईलवर कालपासून रेंज तरी येते का?" सुचिता म्हणाली. सगळे हसले.

लेल्यांनी मोबाईल उंच धरला. "आलीय. घ्या परीक्षा. कुमुदताई, कुठलीही तिथी सांगा. मागची चालेल. ताडून बघू."

कुठलीही तिथी म्हटल्यावर कुठलीही सुचायला हवी. मला एकच सुचली.

"कार्तिक वद्य सप्तमी."

"म्हणजे तारीख?"

"बावीस नोव्हेंबर."

"किती आली?"

"सात पाऊणे सव्वापाच."

त्यांनी मोबाईलवर बराच वेळ बोट फिरवलं. "अरे वा! जवळजवळ तेवढीच. काय पाठांतर आहे! पण ही तिथी बरी लक्षात राहिली? काय होतं त्या दिवशी?"

"कुमुद गेली," मी म्हटलं.

आत स्वयंपाकघरात मिक्सर चालू होता, तो थांबला. लेल्यांनी माझा बिल्ला बघितला. मग मला बघितलं.

"मग तुम्ही कोण?"

"मी मधुवंती. धाकटी."

एवढंच बोलले आणि खुर्चीवर बसले. वाटलं होतं आभाळ कोसळेल. भार्गवीने पाणी आणलं. मी तिची माफी मागितली. ती रडायला लागली, मग तिलाच पाणी दिलं. सुचिता उठून न्हाणीकडे गेली आणि लवकर आली नाही. सर्दी वाढली असेल.

जेवताना लेले शेजारी येऊन बसले. बराच वेळ वरणभात कालवत होते. शेवटी म्हणाले, "गणित मात्र बरोबर आलं."

"हो," म्हटलं.

"तुमच्या ताई शिक्षिका होत्या?"

मग मी सांगितलं. जेवण संपेपर्यंत सांगत होते. आमटी दोनदा गरम करून आणली. कुमुदबद्दल मी सलग एवढं कधी बोलले नव्हते. ती समोर असताना तिच्याबद्दल बोलायचं कारणच काय?

१९ जानेवारी, रविवार – चौल

घरी पोचले. निघताना भार्गवीने नवीन बिल्ला दिला. मधुवंती वर्तक. शेवटच्या दिवशी! तरी घातला. जुना परत मागितला नाही तिने.

सुचिताने निरोपाच्या वेळी मिठी मारली. फाटकाशी पहिल्या दिवशी उभी होती तशीच, हात पसरून. माझ्याकडून बिनसाखरेच्या चहाचं वचन घेतलं – पेणला तिच्याकडे गेल्यावर. बिनसाखरेचा म्हणून तिला कधी सांगितलं, आठवत नाही.

२३ जानेवारी, गुरुवार

कुमुदचा फोन वाजला. सुचिता.

"मधूच ना?"

"हो."

मग तिने सांगितलं. मागल्या वर्षी वाईच्या सहलीत ती आणि कुमुद एकाच खोलीत होत्या. यंदाही तिने खोलीत सोबतीला मुद्दाम कुमुदच मागून घेतली होती. कुमुद माझ्याबद्दल रोज सांगायची – मी कमी बोलते, चहा बिनसाखरेचा घेते. मी गाडीतून उतरले आणि बिल्ला दिसला, तेव्हाच तिला सगळं समजलं. "तुला बोलता येत न्हवतं गो. मग मी तरी कशी बोलू?"

मी सर्दी कशी आहे विचारलं.

"मना सर्दी न्हवतीच," ती म्हणाली.