परकारांची कॅडिलॅक

नईम, मनामा
१४ जानेवारी २०२४

प्रिय महमुदाबुबूस,
धाकट्या इशरतचा सलाम वि. वि.

अल्लाच्या मेहरबानीने आम्ही दोघं बरी आहोत. तुझे गुडघे थंडीत फार धरतात, असं आपल्या गावच्या बानूने सांगितलं. तिच्याबरोबर मलम पाठवते आहे. ते तुझ्यासाठी आहे, सुनेच्या कपाटासाठी नाही.

फोनवर मी नुसती हूं हूं करते म्हणून रुसू नकोस. तुला ऐकू यावं म्हणून मला ओरडावं लागतं आणि समोरच्या खुर्चीत हे दिवसभर बसलेले असतात. म्हणून शाळेत शिकलेलं मराठी पुन्हा बाहेर काढलं. बानूचं इथल्या हूऱ्यातून हर्णैला सारखं येणंजाणं असतं, तेव्हा आता आपलं टपाल तीच.

ऑगस्टमध्ये झटका आल्यापासून ह्यांचा डावा हात उचलला जात नाही आणि डाव्या बाजूचं नीट दिसत नाही. डॉक्टरांनी गाडी चालवायला साफ मनाई केली आहे. व्यायामासाठी आठवड्यातून तीनदा हॉस्पिटलात जावं लागतं. टॅक्सीवाले घाई करतात, हे त्यांच्याशी भांडतात, आणि अर्ध्या वेळा आम्ही दारातूनच परत फिरतो. इकडे ती लांबलचक कॅडिलॅक मशिदीमागच्या मोकळ्या जागेत उभी आहे. नईमच्या गल्ल्यांत ती कधी वळलीच नाही. रोज असरच्या नमाजानंतर हे काठी टेकत तिथे जातात, इंजिन चालू करतात, थंड हवेत थोडा वेळ बसतात आणि परत येतात.

पाहुणे आले की अजून तोच पाठ चालतो. डेट्रॉईट शहर वसवणाऱ्या फ्रेंच माणसाचं नाव गाडीला कसं मिळालं. लंडनमध्ये तीन गाड्या सुट्या करून, भाग एकत्र मिसळून पुन्हा कशा जोडल्या आणि तिन्ही कशा धावल्या. पूर्वी हँडल मारून गाडी सुरू करताना लोकांची मनगटं मोडायची, मग ह्याच कंपनीने विजेवर सुरू होणारी गाडी आणली आणि तेव्हापासून बायकाही गाडी चालवू लागल्या. हे वाक्य आलं की मी चहाचा ट्रे घेऊन आत येते. पंधरा वर्षं ऐकते आहे. पण बुबू, त्या गाडीची चावी मी हातात धरलेली नाही. धुतलेल्या पँटच्या खिशात सापडली, तेवढीच.

आता मुद्द्याचं. मी गाडी शिकते आहे. ह्यांना सांगितलंय की बानूला डब्यांच्या कामात मदत करायला हूऱ्याला जाते. अस्मा नावाची बुदैयाची बहारिनी बाई शिकवते. तिचं अर्धं हिंदी, अर्धं अरबी. मी ब्रेकवर पाय ठेवून थिजले की यल्ला यल्ला करत माझ्या मांडीवर थाप मारते. परीक्षा एप्रिलमध्ये आहे. पास झाले की लायसन्स ह्यांच्यासमोर ठेवीन आणि म्हणेन, चला, तुमच्याच गाडीने तुम्हाला हॉस्पिटलात नेते. वेळेवर व्यायाम झाला तर हात परत येईल, असं डॉक्टर म्हणतात.

बर्मिंगहॅमला अरीबाला सांगितलं, तर तिने आईला इंग्रजीत शाबासकी दिली आणि फोन ठेवला. तिला मीटिंग होती. तू मात्र कोणाला बोलू नकोस.

आहे ती माया तशीच राहू दे.
तुझी,
इशरत

•

हर्णै
११ फेब्रुवारी २०२४

चि. इशरतला,
महमुदाबुबूचा सलाम आणि अनेक दुआ. वि. वि.

पत्र मिळालं, मलमही मिळालं. सुनेने वास घेऊन बघितला, मग मी ते उशीखाली ठेवलं.

तुझं वाचून मी एवढी हसले की नातू धावत आला. लहानपणी सायकलवरून कोळ्यांच्या वाळत घातलेल्या जाळ्यात जाऊन पडलेली तूच ना? अब्बांनी ती सायकल दुसऱ्या दिवशी विकली आणि तू चार दिवस जेवली नाहीस. त्या बाईला सांग, ब्रेक आधी शिकव.

हसते आहे, पण काळजीही वाटते. उबेदभाई वाईट माणूस नाहीत. माझे हे गेले तेव्हा तिकीट काढून आले, कबरस्तानात शेवटपर्यंत थांबले. पण आपल्या मानाच्या बाबतीत फार हळवे आहेत. तेव्हा जपून.

मी मात्र तुला शीक असंच म्हणेन. इथे दापोलीला डॉक्टरकडे जायचं तर मुलाला सवड हवी, त्याला सवड असली तर सुनेचा मूड हवा. मागच्या महिन्यात मी तयार होऊन, बुरखा घालून दुपारपर्यंत ओट्यावर बसले होते. मग गाडी दुसरीकडे गेली असं कळलं. बुरखा काढून भाकऱ्या थापल्या. कोणाला काही बोलले नाही, तुलाच लिहिते.

पास झालीस की बहारिनला येऊन मी तुझ्या गाडीत बसणार आहे. मोठ्या बहिणीचा हक्क म्हणून आधीच सांगून ठेवते.

तब्येतीला जप, आणि थोरलीवर जीव असू दे.
तुझी,
बुबू

•

नईम, मनामा
१५ एप्रिल २०२४

आदरणीय महमुदाबुबू यांस,
उबेद परकारचा अदबीने सलाम. विनंती विशेष.

ईदच्या दिवशी आपण फोनवर मुबारकबाद दिलीत आणि म्हणालात, आता कसली काळजी, माझी इशरत गाडी शिकते आहे, ती तुम्हाला फिरवील. आपल्याला वाटलं मला ठाऊक असेल. मला ठाऊक नव्हतं. माझ्या पत्नीबद्दलची बातमी मला हर्णैहून मिळाली.

आपण मोठ्या आहात, म्हणून माझी बाजू कळवतो.

मी इथे जहाजांच्या ऑफिसात कारकून म्हणून आलो. एका खोलीत आम्ही सहा जण होतो. माझ्या पगारात माणूस इथे येतो, राबतो आणि परत जातो. त्याचं नाव शेजारच्या दुकानदारालाही माहीत होत नाही. पुढे स्वतःचा छोटा धंदा झाला आणि बुदैयाच्या एका म्हाताऱ्या शेखांकडून मी पंचाण्णव सालची फ्लीटवूड कॅडिलॅक घेतली. त्यानंतर माझं नाव कॅडिलॅकवाला परकार झालं. पोलीस हात वर करून सलाम करायचे. चहावाला स्वतः बाहेर यायचा.

ती गाडी कशी आहे हे चालवल्याशिवाय कळत नाही. बॉनेट एवढं लांब, की पुढे आपण नाही, आपला पाहुणा चालला आहे असं वाटतं. खड्डा आला तर तो मागे गेल्यावर समजतो. जूनच्या दुपारी आत बसलो की बाहेरचं ऊन दुसऱ्या देशातलं वाटतं. पेट्रोल ती पाण्यासारखी पिते, हे खरं आहे. तिचे भाग आता सहज मिळत नाहीत, हेही खरं. लोक म्हणाले, जपानी घे, डोक्याला ताप नाही. त्यांना मी काय समजावणार? कंपनीने त्या गाडीला जगाचं मानक म्हटलं होतं. मला निदान नईमचं मानक व्हायचं होतं.

ज्या फ्रेंच माणसाचं नाव त्या गाडीला आहे, तो मुळात खानदानी नव्हता, असं मी पुढे वाचलं. अमेरिकेत उतरल्यावर त्याने मोठं नाव घेतलं आणि ढालीचं चिन्हही स्वतःच ठरवलं. ते चिन्ह आजही गाडीवर आहे. ही गोष्ट मी पाहुण्यांना सांगत नाही. आपल्याला सांगतो, कारण परक्या देशात उतरलेला माणूस असं का करतो ते मला कळतं.

आता त्याच गाडीत मी लुळा हात मांडीवर ठेवून बसावं, बायकोने चालवावी, आणि चहाच्या दुकानावरच्या लोकांनी ते बघावं, हे माझ्याच्याने होणार नाही. इशरतने माझ्या पाठीमागे हे ठरवलं, बानूला माहीत, आपल्याला माहीत, अरीबाला माहीत. मी घरातली खुर्ची झालो होतो.

गाडी मी भावाच्या मुलाला, हुसेनला, दिली. काल त्याच्या नावावर झाली. तो इथेच हूऱ्यात राहतो, मला हॉस्पिटलात नेईल असं त्याने कबूल केलं आहे. इशरतला मी अजून सांगितलेलं नाही. तिनेही मला सांगितलं नव्हतं.

कमीजास्त लिहिलं असेल तर पोटात घालावं. आपला आशीर्वाद मागतो.
आपला,
उबेद

•

नईम, मनामा
२६ एप्रिल २०२४

महमुदाबुबूस,
सलाम.

मी पास झाले. दुसऱ्या खेपेला नाही, पहिल्याच. अस्माने मला तिच्या घरी नेऊन हलवा दिला.

घरी आले, लायसन्स ह्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी चष्मा लावून दोन्ही बाजूंनी वाचलं, फोटो चांगला आलाय म्हणाले, आणि गाडी हुसेन घेऊन गेला असं सांगितलं. मी मशिदीमागे जाऊन बघितलं. जमिनीवर तेलाचा डाग होता.

परत येऊन विचारलं, तुम्हाला कोणी सांगितलं. त्यांनी तुझं नाव घेतलं.

तुला एकच गोष्ट मागितली होती, बुबू.

इशरत

•

हर्णै
१९ मे २०२४

चि. इशरतला,
बुबूचा सलाम. वि. वि.

तुझं पत्र आणि उबेदभाईंचं पत्र, दोन्ही समोर ठेवून लिहिते आहे.

चूक माझीच. रोजे संपले होते, घर भरलेलं होतं, ह्या खेपेला कधी नव्हे तो त्यांचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. खूप थकलेला वाटला. त्यांना बरं वाटावं म्हणून बोलून गेले. तू सांगितलं असशील असं समजले, असं लिहिलं तर खोटं होईल. मला वाटलं, ऐकून ते खूश होतील. एवढं साधं मला वाटलं.

मी त्यांना उलट पत्र लिहिलं आहे. आजवर बहिणीच्या नवऱ्याला शब्दाने बोलले नव्हते. लिहिलं की लोकांनी काय बघितलं असतं ते तुम्हाला कळलं, तिने पंधरा वर्षं काय बघितलं ते नाही कळलं. दोनदा वाचलं आणि पाठवलं.

तू उत्तर दे किंवा देऊ नकोस. फक्त जेवत जा.

तुझी,
बुबू

•

नईम, मनामा
२२ नोव्हेंबर २०२४

प्रिय महमुदाबुबूस,
इशरतचा सलाम वि. वि.

जवळजवळ सात महिने लिहिलं नाही. तू बानूकडे तीनदा बोंबील पाठवलेस, तिन्ही वेळा खाल्ले. राग गेला असं मात्र लिहीत नाही. कमी झाला आहे.

हुसेन पहिला महिनाभर वेळेवर आला. दारात हॉर्न वाजवायचा, चाचांना धरून न्यायचा. मग ड्यूटी बदलली, मग फोन उचलेना. जुलैअखेर कळलं की त्याने गाडी विकली. घेणाऱ्याने ती पूल ओलांडून सौदीला नेली. ह्यांनी त्याला फोन लावला तेव्हा मी शेजारीच होते. तो म्हणाला, चाचा, जुन्या गाडीला कोण सांभाळणार, खलास झाली होती ती. ह्यांनी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. त्या दिवसापासून पाहुण्यांसमोर तो पाठ झाला नाही. कोणी विषय काढला तर हे पाणी मागतात.

ऑगस्टमध्ये मी माझ्या पाटल्या मोडून एक छोटी जुनी जपानी गाडी घेतली. आपल्या गल्लीत ती सहज वळते. ह्यांना म्हटलं, चला हॉस्पिटलात. ते टॅक्सीनेच जाईन म्हणाले. टॅक्सीने दोनदा गेले, मग जाणंच सोडलं. मी रागावून पाहिलं, रडून पाहिलं, अरीबाला व्हिडिओवर बोलायला लावलं. उपयोग नाही. आता बोटं आत वळली आहेत. उघडायची वेळ निघून गेली, असं मागच्या तपासणीत डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. ते ह्यांना कळलंय, पण आमच्यात त्यावर बोलणं झालेलं नाही.

आणि मी, बुबू, गाडी चालवते. बानूला डबे पोचवायला मदत करते, ते आता खरंच करते. शनिवारी बुदैयाच्या शेतकरी बाजारातून भाजी आणते. परतताना कधी कधी मुद्दाम लांबच्या रस्त्याने येते. आनंद होतो, आणि घर जवळ आलं की तो आनंद मलाच लपवावा लागतो.

मागच्या मंगळवारी हे न्हाणीत पडले. कपाळ फुटलं. ॲम्ब्युलन्सची वाट बघण्याइतका धीर मला नव्हता. खालच्या दुकानातल्या दोघांनी उचलून त्यांना माझ्या गाडीत मागच्या सीटवर बसवलं आणि मी निघाले. आरशात बघितलं तर टॉवेल कपाळाला धरून खिडकीबाहेर बघत होते. मी चांगली चालवली, बुबू. एकदाही धक्का बसू दिला नाही.

इमर्जन्सीत टेरेसा नावाची वसईची नर्स होती. आम्ही मराठी बोलतो म्हटल्यावर मायेने वागली. टाके घालायच्या आधी तिने ह्यांना विचारलं की इथवर कसे आलात, कोणी आणलं. हे म्हणाले, टॅक्सीने.

मी त्यांच्या शेजारी उभी होते. गाडीची चावी माझ्या हातात होती आणि टेरेसाला ती दिसत होती. तिने माझ्याकडे बघितलं. मी तिला म्हटलं, हो, टॅक्सी दारातच उभी आहे, कोणाच्या तरी वाटेत येईल, जरा बाजूला लावून येते.

बाहेर जाऊन गाडी लावली. आत बसून राहिले थोडा वेळ. मग परत जाऊन त्यांचा हात धरला, टाके पडेपर्यंत.

तुझ्या व्हिजिट व्हिसाचे कागद बानूबरोबर पाठवते आहे. ह्यांना विचारलेलं नाही. एअरपोर्टवर मी स्वतः येईन.

थोडा राग आहे, तो सोडून बाकी सगळी मी तुझीच आहे.
इशरत