छपराची दुसरी किल्ली

मी, पत्र्याची आणि पन्हळींची कामे करणारा, वय वर्षे चौऱ्याहत्तर, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. रागही शाबूत आहे, त्याला दाखला लागत नाही.

१. राहतं घर मुलाला आणि मुलीला निम्मं-निम्मं. बँकेतली ठेव बायकोची, तिच्या पश्चात दोघांची. त्यावरून भांडू नये.

२. जुन्या वाचनालयाच्या छपरावर मी एकतीस वर्षं चढलो. पन्हळीत पाला अडकला की पाणी भिंतीत शिरतं, आणि दगड कितीही जाड असो, आतला चुना भुसभुशीत होतो. म्हणून दर तीन महिन्यांनी पाला काढायचा, फुटलेला सांधा डाख देऊन बुजवायचा. कुणी सांगितलं नव्हतं. मुलगा म्हणायचा, लष्कराच्या भाकऱ्या भाजताय. भाजल्या.

३. दोन वर्षांपूर्वी वारसा समितीला जाग आली. इमारत संरक्षित ठरली, 'स्थानिक जतनकर्ता' म्हणून माझा सत्कार झाला, दाराशी माझ्या नावाची दगडी पाटी बसली. मी हरखलो, खोटं कशाला बोलू? चौथ्या दिवशी छपराच्या दाराला कुलूप. परवान्याशिवाय वर जाण्यास मनाई. मी नऊ अर्ज केले. शेवटी अध्यक्ष म्हणाले, "अहो, तुमचं काम आम्ही दगडावर कोरलंय. आता आराम करा की."

पन्हळीत झाड उगवलंय. त्याला परवाना लागला नाही. गेल्या पावसाळ्यात ओल माझ्या पाटीपर्यंत उतरली. नाव वाचायला जाणाऱ्याला आधी बुरशी दिसते. मला त्याची लाज वाटते आणि मनस्वी संताप येतो.

४. मानपत्र मुलाला. त्याने ते चौकट करून लावलंच आहे. शिडी, पत्रा कापायची कात्री आणि डाख द्यायचं सगळं सामान मुलीला. मुलाला उंचीची भीती वाटते, त्याने वाईट वाटून घेऊ नये.

५. ते कुलूप बसवायला समितीला माणूस मिळेना, म्हणून मलाच बोलावलं होतं. किल्ल्या दोन होत्या. एक दिली. दुसरी मुलीला देत आहे. पोरी, डाव्या कोपऱ्यातला पत्रा कुजलाय, त्यावर पाय देऊ नकोस. झाड नुसतं छाटू नकोस, मुळासकट काढ.

६. किल्ली असून मी का गेलो नाही? वाचनालयाच्या रखवालदाराने दोनदा जिन्यावरून परत फिरवलं. म्हणाला, "काका, माझ्या पोटावर पाय येईल." खरंच होतं ते. मग माझे गुडघे गेले. त्याच्याशी माझं वैर नाही. उलट त्यालाच साक्षीला बोलावून किल्लीचं कलम दोनदा वाचून दाखवलं आहे. त्याने कळवायचं तर खुशाल कळवावं.

हे सर्व माझ्या मनाप्रमाणे उतरलं आहे, म्हणून सही करतो.

ठिकाण: माझी पुढची खोली
दिनांक: नऊ मे
सही: पत्रेवाला

साक्षीदार पहिला: डॉक्टर (सही)

साक्षीदार दुसरा: रखवालदार (सही, खाली त्याच्याच हातचा मजकूर)
सगळं ऐकलं. मी रोज एक ते दोन मागच्या खोलीत जेवतो. तिथून जिना दिसत नाही.